युद्धासाठी मन वळवणारं भाषण कसं ऐकावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांचं, इराककडे महासंहारक अस्त्रं असल्याचं सांगणारं, ५ फेब्रुवारी २००३ चं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतलं भाषण तुम्ही अलीकडे पाहिलं. त्यातले मुख्य दावे पुढे खोटे निघाले हे माहीत असूनही ऐकताना ते पटत गेलं. नेते लोकांना युद्धासाठी तयार कसे करतात, त्यातली फसगत भाषण चालू असतानाच ओळखता येते का, आणि वाचायला सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारता.

मी राज्यशास्त्र शिकवते. युद्धाआधी झालेली भाषणं विद्यार्थ्यांबरोबर ओळीनं वाचणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्यावरून आधीच सांगते की युक्त्यांची यादी पाठ करून फार हाती लागत नाही. शत्रूला राक्षस ठरवणं, आपण किती सोसलं ते सांगणं, बायकामुलांवरच्या अत्याचारांचे दाखले, पूर्वजांच्या शौर्याची आठवण, शेवटी देवाचं नाव, हे सगळं युद्धाच्या जवळपास प्रत्येक भाषणात सापडतं. ते स्वतःहून पुकारलेल्या युद्धातही असतं आणि टाळता न येणाऱ्या युद्धातही असतं. अमेरिकी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचं ८ डिसेंबर १९४१ चं भाषण घ्या. आदल्या दिवशी पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले होते. काल रात्री जपानी फौजांनी हाँगकाँगवर हल्ला केला, काल रात्री जपानी फौजांनी ग्वामवर हल्ला केला, अशी एकाच साच्यातली वाक्यं त्या छोट्याशा भाषणात एकामागून एक येतात. इतकी घासूनपुसून केलेली शब्दयोजना क्वचितच दिसते. पण हल्ला खरोखर झाला होता. पॉवेल यांचं भाषण याच्या अगदी उलट होतं. तासाहून अधिक चाललेलं, कोरडं, ध्वनिफिती आणि उपग्रहांनी टिपलेली छायाचित्रं दाखवत पुढे जाणारं. अलंकार मोजून निकाल द्यायचा ठरवला तर रूझवेल्ट अडकतील आणि पॉवेल सुटतील.

म्हणून मी प्रश्न वेगळा मांडते. पुरावा कोणी द्यायचा, किती द्यायचा आणि त्याला वेळ किती, हे भाषणानं आपल्या नकळत कसं ठरवून टाकलं? माझ्या मते मन वळवण्याचं खरं काम इथे होतं. लोकांना युद्ध आवडायला लावणं फार कठीण असतं, आणि शहाणे नेते त्या भानगडीत पडत नाहीत. ते थांबणं धोक्याचं करून दाखवतात. एकदा ऐकणाऱ्याला थांबण्याची भीती वाटू लागली की युद्धाची बाजू वेगळी मांडावी लागत नाही.

पॉवेल यांचं भाषण सगळ्यांच्या लक्षात राहिलं, पण ते फार उशिराचं आहे. अमेरिकी काँग्रेसनं युद्धाचा अधिकार त्याआधी चार महिने, ऑक्टोबर २००२ मध्येच राष्ट्राध्यक्षांना देऊन टाकला होता. मन वळवायचं काम त्याआधी, २००२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू झालं. २६ ऑगस्टला उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी माजी सैनिकांपुढे सांगितलं की सद्दाम हुसेनकडे आज महासंहारक अस्त्रं आहेत यात शंकाच नाही. मोहीम सप्टेंबरातच जोरात का सुरू झाली असं विचारल्यावर व्हाइट हाउसचे चीफ ऑफ स्टाफ अँड्र्यू कार्ड म्हणाले होते की मार्केटिंगच्या दृष्टीनं नवं उत्पादन कोणी ऑगस्टमध्ये बाजारात आणत नाही. हे वाक्य मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवते. युद्धाच्या मोहिमेची वेळ धोक्यावरून ठरली की दिनदर्शिकेवरून, याचं उत्तर त्यात ऐकू येतं.

आता ७ ऑक्टोबर २००२ ला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सिनसिनाटी शहरात केलेलं भाषण पाहू. हे मी सावकाश उलगडते, कारण युद्धासाठी मन वळवण्याचा इतका पूर्ण नमुना दुसरा मला माहीत नाही.

ते भाषण आरडाओरडा करत नाही. बुश सुरुवातीलाच म्हणतात की अनेक अमेरिकनांनी रास्त प्रश्न विचारले आहेत आणि त्या प्रश्नांवर मला बोलायचं आहे. मग ते एकेक प्रश्न स्वतःच उभा करतात. इराकच का? आत्ताच का? दहशतवादाविरुद्धच्या लढाईशी याचा संबंध काय? ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्या मनातलं विचारलं गेलं. विरोधकाचा प्रश्न आपल्या तोंडून आपल्या शब्दांत विचारणं ही फार प्रभावी रीत आहे, कारण मग तो प्रश्न किती धारदार ठेवायचा हेही आपल्याच हातात राहतं. सत्तापालटानं इराकमध्ये अस्थिरता येईल आणि परिस्थिती आणखी बिघडेल, अशी काहींना काळजी वाटते, हा प्रश्नही त्यांनी घेतला. उत्तर असं दिलं की जगाच्या सुरक्षेसाठी आणि इराकी जनतेसाठी परिस्थिती याहून वाईट होणं अवघडच आहे. काही वाक्यांत विषय मिटला. पुढे इराकमध्ये जे झालं ते पाहता त्या संपूर्ण भाषणातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच होता.

सद्दाम अणुबाँबच्या किती जवळ आहे, हा आणखी एक प्रश्न. बुश म्हणाले, आपल्याला नक्की माहीत नाही, आणि अडचण तीच आहे. इथे मी वर्गात थांबते. आपल्याला माहीत नाही, हे एरवी सबुरीचं कारण असतं. इथे तेच घाईचं कारण झालं. पुरावा नसणं हाच धोक्याचा पुरावा ठरला की सरकारनं काही सिद्ध करायचं उरत नाही. सिद्ध करण्याचं ओझं समोरच्या देशावर जातं आणि आपल्याकडे अमुक गोष्ट नाही हे कोणालाच पूर्णपणे सिद्ध करता येत नाही. त्यानंतर ते प्रसिद्ध वाक्य येतं. धोक्याची स्पष्ट चिन्हं दिसत असताना अंतिम पुराव्याची वाट पाहता येणार नाही, कारण तो पुरावा अणुस्फोटाच्या ढगाच्या रूपानं समोर येऊ शकतो. हीच प्रतिमा महिनाभर आधी, ८ सप्टेंबरला, बुश यांच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलीझा राईस यांनी टीव्हीवरच्या मुलाखतीत वापरली होती. वाट पाहणं म्हणजे शहर जळणं, एवढं समीकरण मनात बसलं की 'अजून थोडे महिने तपास होऊ द्या' म्हणणारा माणूस बेजबाबदार दिसू लागतो.

मग ११ सप्टेंबर. त्या हल्ल्यामागे सद्दाम होता असं बुश यांनी सिनसिनाटीत म्हटलं नाही. त्यांनी हल्ल्याची आठवण काढली, अमेरिकेला आपण किती उघड्यावर आहोत हे त्या दिवशी कळलं असं सांगितलं आणि पुन्हा इराककडे वळले. इराक आणि अल कायदा यांचा शत्रू एकच आहे, अमेरिका, असंही सांगितलं. शत्रू एक असणं आणि हात मिळवणं यांत केवढं अंतर आहे! पण दोन गोष्टी शेजारी शेजारी पुन्हा पुन्हा ठेवल्या की मधला दुवा ऐकणारा स्वतः जोडतो, आणि स्वतः जोडलेला दुवा माणसाला बाहेरून सांगितलेल्या गोष्टीपेक्षा जास्त खरा वाटतो. ऑगस्ट २००३ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'नं घेतलेल्या पाहणीत ६९ टक्के अमेरिकनांना त्या हल्ल्यात सद्दामचा हात असण्याची शक्यता वाटत होती. १७ सप्टेंबर २००३ ला बुश यांनी स्वतः सांगितलं की तसा कोणताही पुरावा आपल्याकडे नाही. तोवर बगदाद पडून पाच महिने झाले होते.

त्याच भाषणात त्यांनी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचं १९६२ च्या ऑक्टोबरमधलं वाक्य आधाराला घेतलं. क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडली तेव्हाचं ते वाक्य, प्रत्यक्ष अस्त्र सुटेपर्यंत थांबणं राष्ट्राला परवडत नाही अशा आशयाचं. ऐकताना वाटतं, केनेडींसारखा माणूस हेच म्हणत होता. पण केनेडींनी ते वाक्य उच्चारून हल्ला केला नव्हता. त्यांनी समुद्रात नाकेबंदी लावली, वाटाघाटींना वेळ दिला, आणि युद्ध टळलं. इतिहासातलं उदाहरण कानावर आलं की त्या प्रसंगात पुढे काय झालं होतं हे तपासायची सवय लावून घ्या. युद्धाच्या भाषणांत उदाहरणं फार वेळा अर्धीच सांगितली जातात.

आणि काँग्रेसपुढच्या युद्धाधिकाराच्या ठरावाला मान्यता देणं म्हणजे लष्करी कारवाई अटळ झाली असं नव्हे, हेही आश्वासन त्यांनी दिलं. तीन दिवसांनी प्रतिनिधिगृहानं २९६ विरुद्ध १३३ मतांनी ठराव मंजूर केला, दुसऱ्या दिवशी सिनेटनं ७७ विरुद्ध २३ नं. आता हे वाक्य १८ मार्च २००३ च्या ब्रिटिश संसदेतल्या पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या भाषणाशेजारी ठेवून पाहा. ब्लेअर म्हणाले की पर्याय दोनच आहेत. सैन्य मागे घेऊन परत फिरायचं किंवा आखलेल्या मार्गावर ठाम राहायचं. ऑक्टोबरात अमेरिकनांना सांगितलं जातं की ही फक्त तयारी आहे, अजून काहीच ठरलेलं नाही. मार्चमध्ये ब्रिटिशांना सांगितलं जातं की तयारी इतकी झाली आहे, आता मागे कसं फिरणार? देश वेगळे, पण जिना एकच. प्रत्येक पायरीवर ऐकणाऱ्याला वाटतं की मुख्य निर्णयाची वेळ पुढे येईल, आणि ती वेळ आली तेव्हा निर्णय मागेच होऊन गेलेला असतो.

मग शिकलेली माणसं कशी फसली? याचं एक उत्तर असं की त्या भाषणांमधलं बरंच काही खरं होतं. सद्दामच्या राजवटीनं मार्च १९८८ मध्ये हलब्जात विषारी वायू सोडून हजारो कुर्द मारले. १९९० मध्ये कुवेत गिळलं. नव्वदच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्रनिरीक्षकांपासून अस्त्रांचे कार्यक्रम लपवले. या खऱ्या गोष्टींच्या आधारानं 'आजही अस्त्रं आहेत' हा न तपासलेला दावा पुढे सरकला. वर्गात मी भाषणाची प्रत वाटते आणि प्रत्येक वाक्यापुढे खूण करायला सांगते. हे माहीत आहे, हा अंदाज आहे, ही भीती आहे, हा निर्णय आहे. मग निर्णयाच्या वाक्यापासून उलट मागे जायचं आणि तो कशावर टेकलाय ते पाहायचं. सिनसिनाटीच्या भाषणात 'माहीत आहे' या खुणा बहुतेक भूतकाळावर पडतात, आणि निर्णय मात्र भीतीवर टेकलेला सापडतो. एवढं एकदा स्वतःच्या हातानं करून पाहा. नंतर नुसतं ऐकतानाही ते जाणवू लागतं.

पॉवेल यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे माणूस. युद्धाला सहजासहजी तयार न होणारा सेनानी अशी त्यांची ख्याती होती. घाई करणाऱ्याचं मत आपण वजा करून ऐकतो. पण ज्याला शंका होती तोच पटलं म्हणतो, तेव्हा आपली शंका त्याच्यावर सोपवून मोकळे होतो. म्हणून हे भाषण चेनींनी केलं नाही, पॉवेल यांनी केलं. त्यांनी सांगितलं की माझ्या प्रत्येक विधानामागे भक्कम स्रोत आहेत. ती पांढऱ्या भुकटीची कुपी तुम्हालाही आठवत असेल. नीट ऐकलंत तर कळेल की ती इराकमध्ये सापडलेली वस्तू नव्हतीच. २००१ मध्ये चमचाभराहून कमी अँथ्रॅक्समुळे अमेरिकी सिनेटचं काम बंद पडलं होतं, ते प्रमाण दाखवायला त्यांनी ती हातात धरली होती. पण डोळ्यांनी पाहिलेलं मनात पुरावा म्हणून राहतं. फिरत्या जैविक प्रयोगशाळांचंही तसंच. ट्रकांची छायाचित्रं नव्हती, वर्णनावरून काढलेली चित्रं होती. वर्णन मुख्यतः 'कर्व्हबॉल' या टोपणनावाच्या एका इराकी निर्वासिताचं, जो जर्मन गुप्तचरांशी बोलत होता. ती गोष्ट आपण रचली होती, हे त्यानं २०११ मध्ये उघडपणे कबूल केलं.

त्या भाषणातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी जागा मात्र ॲल्युमिनियमच्या नळ्यांची आहे. या नळ्या युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रासाठी आहेत की साध्या रॉकेटसाठी, यावर अमेरिकी सरकारातच मतभेद होता. ऊर्जा खात्याचे तज्ज्ञ आणि पॉवेल यांच्याच परराष्ट्र खात्याचा गुप्तवार्ता विभाग रॉकेटच्या बाजूचे होते. पॉवेल यांनी मतभेद लपवला नाही. त्यांनी म्हटलं की बहुतेक अमेरिकी तज्ज्ञांचं मत असं आहे, तर इतर तज्ज्ञ आणि खुद्द इराकी यांचं मत तसं. एका वाक्यात आपल्याच सरकारातले शंका घेणारे लोक सद्दामच्या बाकावर जाऊन बसले! खोटं एक अक्षरही न बोलता विरोधी मत असं निकामी करता येतं. युद्धाआधीच्या चर्चेत शंका घेणाऱ्याला शत्रूच्या शेजारी बसवलं जातंय असं दिसलं की सावध व्हा. पुढे ७ मार्चला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे मोहम्मद अल बरादेई यांनी सुरक्षा परिषदेला सांगितलं की नळ्यांचा तसा वापर झाल्याचा पुरावा मिळालेला नाही, आणि नायजरमधून युरेनियम घेण्याच्या प्रयत्नाची कागदपत्रं बनावट आहेत. पण तोवर फौजा इराकच्या सीमेवर उभ्या होत्या.

आता शिष्टाईचा मुद्दा. कृष्णानं हस्तिनापुरात जाऊन पाच गावं मागितली आणि दुर्योधनानं सुईच्या अग्रावर मावेल एवढी मातीही नाकारली, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. युद्धाचा दोष कोणाकडे गेला ते त्या प्रसंगानं ठरलं. प्रत्येक नेत्याला युद्धाआधी अशी शिष्टाई लागते, आणि ते योग्यही आहे. प्रश्न एवढाच की मागणी समोरच्याला पुरी करता येण्यासारखी आहे का? पाच गावं देता येण्यासारखी होती. इराकच्या बाबतीत ८ नोव्हेंबर २००२ चा सुरक्षा परिषदेचा १४४१ क्रमांकाचा ठराव एकमतानं झाला, शस्त्रनिरीक्षक पुन्हा इराकमध्ये गेले. त्यांना काही सापडलं असतं तर तो पुरावा होता, आणि सापडत नव्हतं तर लपवल्याचा पुरावा होता. नसलेली अस्त्रं हवाली कशी करणार? निरीक्षकांचे प्रमुख हान्स ब्लिक्स ७ मार्चला म्हणाले की उरलेल्या कामाला वर्षं लागणार नाहीत, आठवडेही पुरणार नाहीत, महिने लागतील. १७ मार्चच्या रात्री बुश यांनी सद्दाम आणि त्यांच्या मुलांना देश सोडायला ४८ तास दिले. २० मार्चला बगदादवर बॉम्ब पडू लागले. ब्लिक्स यांना महिने मिळाले असते तर काय बिघडलं असतं, याचं पटेल असं उत्तर मला आजवर कोणत्याही भाषणात सापडलेलं नाही.

हाच प्रश्न त्या वेळी एका माणसानं उघडपणे विचारला होता. ब्रिटनचे माजी परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी १७ मार्चला मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला आणि संसदेत भाषण केलं. जी लष्करी ताकद वीस वर्षं तिथे आहे आणि जी उभी करायला आपणच हातभार लावला, ती संपवणं आत्ताच इतकं तातडीचं का झालं, असं त्यांनी विचारलं. रूढ अर्थानं ज्याला महासंहारक अस्त्र म्हणतात ते इराककडे बहुधा नाही, असंही ते म्हणाले. म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, निदान या प्रसंगापुरतं, 'हो' असं आहे. उघड माहितीवरून, त्याच आठवड्यात, ते ओळखता येत होतं. दुसऱ्या दिवशी संसदेनं ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला मान्यता दिली. २०१६ च्या जुलैमध्ये, ब्रिटन या युद्धात कसा उतरला ते तपासणाऱ्या चिलकॉट चौकशीचा अहवाल आला. त्यात म्हटलं होतं की शांततेचे मार्ग संपलेले नव्हते, आणि अस्त्रांविषयीचे निष्कर्ष जितक्या खात्रीनं मांडले गेले तितकी खात्री मुळात नव्हती.

'उद्या काय?' हा प्रश्न भाषणांतून कसा गायब होतो, तेही पाहा. २५ फेब्रुवारी २००३ ला लष्करप्रमुख एरिक शिन्सेकी यांनी सिनेटच्या समितीला सांगितलं की युद्धानंतर इराकमध्ये काही लाख सैनिक लागतील. दोनच दिवसांत संरक्षण खात्याचे उपमंत्री पॉल वुल्फोवित्झ यांनी तो अंदाज साफ चुकीचा ठरवला. १६ मार्चला चेनी टीव्हीवर म्हणाले की आपलं स्वागत मुक्तिदाते म्हणून होईल.

हे शेवटचं वाक्य मराठी माणसानं विशेष लक्ष देऊन ऐकावं, कारण त्याच मातीत आपली माणसं एकदा जाऊन आली आहेत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी मेसोपोटेमियात पाठवलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. कोकणातली आणि घाटावरची पोरं टायग्रिसच्या काठी कूत अल अमारा इथे जवळपास पाच महिने वेढ्यात अडकली. २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीनं खंगलेल्या त्या फौजेनं तुर्कांपुढे शस्त्रं ठेवली. पुढच्या वर्षी ब्रिटिशांनी बगदाद घेतलं आणि १९ मार्च १९१७ ला जनरल मॉड यांच्या नावानं जाहीरनामा निघाला. आमच्या फौजा तुमच्या शहरांत विजेते किंवा शत्रू म्हणून आलेल्या नाहीत, मुक्तिदाते म्हणून आल्या आहेत. तीन वर्षांत, १९२० मध्ये, त्याच इराकमध्ये ब्रिटिशांविरुद्ध मोठा उठाव झाला, आणि तो मोडायलाही हिंदी सैन्य वापरलं गेलं. मुक्तीचं आश्वासन जिथे याआधी दिलं गेलं तिथे पुढे काय झालं, हा साधा प्रश्न २००३ मध्ये फार थोड्यांनी विचारला.

हे फक्त अमेरिकेचं किंवा लोकशाही देशांचं दुखणं नाही. २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे पुतिन यांनी युक्रेनवर 'विशेष लष्करी कारवाई' जाहीर केली. आम्हाला दुसरा मार्गच ठेवला गेला नाही, डोनबासमधल्या लोकांचा वंशसंहार चालू आहे, युक्रेनचा प्रदेश बळकावण्याचा आमचा बेत नाही, असं ते म्हणाले. सात महिन्यांनी त्यांनी युक्रेनचे चार प्रांत रशियाला जोडल्याचं जाहीर केलं. फेब्रुवारीतल्या त्या भाषणात त्यांनी इराकचा दाखला दिला होता, पांढऱ्या भुकटीच्या त्या कुपीसकट. एका युद्धासाठी केलेली दिशाभूल दुसऱ्या युद्धाच्या समर्थनाला अशी कामी येते. फरक एवढा की रशियात काही दिवसांतच सैन्याविषयी 'खोटी माहिती' पसरवल्याबद्दल १५ वर्षांपर्यंत तुरुंगाची तरतूद झाली. तिथला रॉबिन कुक बोलला असता तर घरी गेला नसता.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून असतात, आणि त्या मान्य केल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. कधी कधी वेळ खरोखरच नसतो. १९३९ मध्ये पोलंडच्या माणसाला 'आत्ताच का' हा प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता. शांततेची भाषाही दिशाभूल करते. सप्टेंबर १९३८ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन यांनी चेकोस्लोव्हाकियाच्या प्रश्नाला दूरच्या देशातलं, आपल्याला काहीच ठाऊक नसलेल्या लोकांचं भांडण म्हटलं होतं, आणि काही दिवसांतच म्युनिकला हिटलरशी तडजोड झाल्यावर ब्रिटिश माणसाला हायसं वाटलं होतं. ब्लेअर यांनी २००३ मध्ये ३० च्या दशकाची आठवण काढली ती याच जखमेवर बोट ठेवून. गुप्त माहिती हीदेखील खरी अडचण आहे. सरकारकडे आपल्याला न दाखवता येणारा पुरावा असू शकतो. अशा वेळी मी सरकारबाहेर कोणी तो तपासला आहे का, एवढं पाहते. विरोधी पक्षाचे नेते, संसदेची समिती, दुसरा देश, आंतरराष्ट्रीय निरीक्षक, कोणीतरी. व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात ४ ऑगस्ट १९६४ ला अमेरिकी नौकांवर दुसऱ्यांदा हल्ला झाल्याचं राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्याच रात्री टीव्हीवर सांगितलं आणि तीन दिवसांत काँग्रेसनं लष्करी कारवाईचा अधिकार देणारा ठराव मंजूर केला. प्रतिनिधिगृहात विरोधात एकही मत पडलं नाही, सिनेटमध्ये फक्त दोन. तो दुसरा हल्ला झालाच नव्हता. तीन दिवसांत कोणी काय तपासणार होतं?

अत्याचाराच्या कहाण्यांबद्दलही तेच. ऑक्टोबर १९९० मध्ये एका १५ वर्षांच्या कुवेती मुलीनं अमेरिकी लोकप्रतिनिधींपुढे रडत सांगितलं की इराकी सैनिकांनी रुग्णालयातल्या बाळांना इनक्यूबेटरमधून काढून जमिनीवर टाकलं. ती अमेरिकेतल्या कुवेती राजदूतांची मुलगी होती आणि तिच्या साक्षीमागे एका जनसंपर्क कंपनीची मोहीम होती, हे १९९२ मध्ये, म्हणजे १९९१ चं आखाती युद्ध संपल्यावर बाहेर आलं. त्या कहाणीला पुढे आधार मिळाला नाही. इराकी सैन्यानं कुवेतमध्ये खरे अत्याचार केले होते, तरी मन वळवायला ही कहाणी पुढे केली गेली. अशी साक्ष ऐकून हळहळणं माणुसकीचंच आहे. सांगणारा कोण आणि त्याला समोर कोणी आणलं, हे विचारणंही तितकंच माणुसकीचं आहे, कारण त्या कहाणीच्या जोरावर दुसऱ्या कोणाच्या तरी बाळांवर बॉम्ब पडणार असतात.

सैनिकांच्या घरातले विद्यार्थी मला विचारतात की सीमेवर आपली माणसं उभी असताना असे प्रश्न विचारणं म्हणजे त्यांचा अपमान नाही का. मी त्यांना सांगते की सैनिक निर्णय घेत नाही, तो निर्णय निभावतो. त्याच्या शौर्याबद्दलचा आदर धोरणाच्या बचावाला वापरला जातो, तेव्हा दोन्ही वेगळे करून पाहणं हे त्याच्या घरच्यांचं सर्वांत आधीचं काम आहे. १२ फेब्रुवारी २००३ ला सिनेटर रॉबर्ट बर्ड यांनी भर सभागृहात खंत बोलून दाखवली की युद्ध तोंडावर आलेलं असताना इथे शांतता आहे, भयावह शांतता. ज्यांची मुलं लढायला जाणार होती त्यांच्या वतीनं तेव्हा कोणीतरी बोलायला हवं होतं.

वाचायला सुरुवात कुठून करायची, तर पॉवेल यांच्यापासून करू नका. आधी बुश यांचं ७ ऑक्टोबर २००२ चं सिनसिनाटीतलं भाषण घ्या, पेन्सिल हातात घेऊन, वर सांगितलेल्या चार खुणा करत. मग ब्लिक्स आणि अल बरादेई यांची ७ मार्च २००३ ची निवेदनं वाचा. ती रूक्ष आहेत, पण कंटाळू नका. त्यानंतर कुक यांचं १७ मार्चचं आणि ब्लेअर यांचं १८ मार्चचं भाषण, याच क्रमानं, एकाच बैठकीत. ब्लेअर यांचं भाषण फार ताकदीचं आहे. ते वाचताना तुमचं मन त्यांच्याकडे झुकलं तर दचकू नका. कुठल्या वाक्याला झुकलं तेवढं लिहून ठेवा आणि त्या वाक्यापुढे कोणती खूण पडते ते पाहा. एवढं झालं की पॉवेल यांच्याकडे या. आणि मग ज्या युद्धात तुमची सहानुभूती पूर्णपणे एका बाजूला आहे, त्या बाजूच्या नेत्याचं भाषण याच खुणांनी वाचा. माझ्या विद्यार्थ्यांना सर्वांत जड तेच जातं, आणि तिथपर्यंत पोहोचलात की काय सापडलं ते मला जरूर कळवा.